आवाज घरापर्यंत गेला पायजे

गुलाबभाऊ मोटारसायकल सुरू करतात आणि तिच्यावर बसत नाहीत. गाडी स्टँडवर तशीच घडघडत ठेवतात, पायजमा घोट्याच्या वर खोचतात आणि कापसाच्या जिनिंगच्या दिशेने पळत सुटतात. शंभरेक पावलांवर थांबतात, वळतात, कानामागे पंजा धरतात आणि आपल्याच गाडीचा आवाज ऐकत उभे राहतात. मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मग चालत परत येतात, गाडी बंद करतात आणि कुणी विचारलेलं नसताना सांगतात, "नाई जमून राह्यलं. आवाज घरापर्यंत गेला पायजे."

गावाला याची सवय होती. नवख्या माणसाची मात्र पंचाईत व्हायची. एकदा खताच्या दुकानात आलेला एक परगावचा माणूस गुलाबभाऊंच्या मागोमाग जीव घेऊन पळाला. त्याला वाटलं, गाडीची टाकी फुटते आहे आणि या म्हाताऱ्याला ते आधी कळलं आहे. पळून पळून दम लागल्यावर त्यानं विचारलं, "काय झालं काका?" गुलाबभाऊ म्हणाले, "चूप बसा. आयकू द्या."

मी त्यांच्या समोरच राहतो. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर नोकरी संपवली आणि वडनेरला येऊन राहिलो. आमच्याकडे कारकुनाला बाबू म्हणतात, आणि बाबू निवृत्त झाला की त्याचा बाबूसाहेब होतो. बढती म्हणून मला आयुष्यात मिळाली ती एवढीच. सगळी हयात टंकलेखन यंत्रांच्या खडखडाटात काढल्यामुळे उरलेली वर्षं शांततेत जावीत, एवढी एकच इच्छा घेऊन मी माडीवर खुर्ची टाकली होती. आणि देवानं समोर गुलाबभाऊ दिले.

गुलाबभाऊ सत्तरीला आले आहेत. नाल्यापलीकडे त्यांचं भाजीपाल्याचं शेत आहे. वांगी, भेंडी, पालक आणि बांधाच्या कडेनं सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. सकाळी दोन क्रेट गाडीच्या मागे बांधून ते नांदुऱ्याच्या बाजारात जातात, तिथून परस्पर शेतात, आणि दिवेलागणीच्या आधी घरी. गाडी दोन स्ट्रोकची, लाल टाकीची. ती घेतली तेव्हा गल्लीत दुसरी मोटारसायकल नव्हती. आता घरटी दोन आहेत आणि गुलाबभाऊंच्या मते त्यातली एकही गाडी नाही. "हे काय बे, गाडी हाय का शिवनयंत्र?" असं ते पोरांच्या नव्या गाड्यांकडे बघून म्हणतात.

खरं सांगायचं तर मलाही ते पटतं. त्या काळात गावातल्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजता येत आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा असे. ओसरीत बसल्या जागी कळायचं, ही डॉक्टरांची, ही ग्रामसेवकाची, हा दूधवाला आज उशिरा निघाला. शाळेतून परतणारं पोर आवाजावरून पैजा लावायचं. त्या सगळ्यांत गुलाबभाऊंची गाडी ओळखायला सगळ्यात सोपी. टणटणीत, मोकळा आवाज, मधूनच एक ठेका चुकल्यासारखा होऊन पुन्हा धरला जायचा. सुट्टीला गावी आलो की तो आवाज कानावर पडेपर्यंत घरी आल्यासारखं वाटायचं नाही. पुढे त्याच आवाजापायी मी ब्लडप्रेशरच्या गोळ्या खाऊ लागलो, ही गोष्ट वेगळी.

त्या आवाजाशी गुलाबभाऊंच्या घरातली एक रीत बांधलेली होती. जिनिंगच्या मोडावर गाडी वळली की तिचा आवाज थेट त्यांच्या चुलीपर्यंत यायचा. त्यांच्या पत्नी वच्छलावैनी तोवर पीठ मळून, तवा तापवून बसलेल्या असायच्या. आवाज आला की पहिली भाकर थापून तव्यावर. गुलाबभाऊ गाडी लावणार, रांजणाजवळ हातपाय धुणार, तोंडावरून ओला पंचा फिरवणार आणि पाटावर बसणार, तेव्हा ती भाकर जाळावर टम्म फुगलेली असायची. आधी नाही, नंतर नाही. लग्नानंतर पहिली काही वर्षं ते सायकलवर यायचे, तेव्हा म्हणे भाकर नेहमी चुकायची. गाडी आल्यावर हिशेब बसला तो कायमचा. गुलाबभाऊ आजही अंतर तसंच सांगतात. त्यांना विचारलं, मोडापासून तुमचं घर किती लांब, तर म्हणतात, "एक भाकर."

मी एकदा त्यांना सुचवलं होतं की आता मोबाइल आहेत, शेतातून निघताना एक फोन करावा. ते म्हणाले, "बाबूसाहेब, फोन करून येनारा मानूस पाव्हना असते."

त्या आवाजानं एकदा त्यांचा जीवही वाचवला आहे. मोडावर गाडी वळली, आवाज आला, वैनींनी भाकर टाकली, आणि आवाज मध्येच बंद पडला. दुसरी बाई असती तर म्हणाली असती, कुणी भेटलं असेल, उभे असतील बोलत. वैनी पिठाच्या हातांनी धावल्या. नाल्याच्या पुलावरून गाडी खाली गेली होती आणि गुलाबभाऊ वांग्यांच्या क्रेटखाली पाय अडकून चिखलात पडले होते. पाणी चढायला लागलं होतं. वैनींनी हाका मारून माणसं जमवली, त्यांना वर काढलं. त्या दिवशी घरी आल्यावर गुलाबभाऊंनी तव्यावरची कोळसा झालेली भाकर खाल्ली. टाकून देऊ दिली नाही.

तर अशी ती व्यवस्था होती, आणि ती चालू असताना कुणाच्या लक्षातही येत नव्हती. मग गाडीचा कंपनीचा सायलेन्सर गंजून गळून पडला.

तसा सायलेन्सर आता कुठेच मिळत नाही. गुलाबभाऊ मलकापूरला गेले, खामगावला गेले, अकोल्यापर्यंत जाऊन आले. शेवटी आमच्या स्टँडवरच्या गफूरभाई मिस्त्रीनं एक बाजारात बनलेला, कुठल्याही गाडीला बसेल असा चकचकीत सायलेन्सर बसवून दिला. दिसायला झकास. पण आवाज असा की गुलाबभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले, "याले सर्दी झाली." त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा तवा गार होता आणि वैनी निवांत लसूण सोलत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

आता इथे एक गोष्ट वाचकांना सांगितली पाहिजे, जी सगळ्या गल्लीला ठाऊक होती. वैनींचे कान गेली काही वर्षं जात चालले होते. समोर उभं राहून बोललं की त्या ओठांवरून बरोब्बर ओळखायच्या, पण पाठीमागून हाक मारली तर त्यांना कळत नसे. मंगल कार्यालयात बँडवाला शेजारी उभा राहून वाजवत होता आणि या शांतपणे अक्षता निवडत होत्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. हे गल्लीला दिसत होतं, पुण्याच्या त्यांच्या मुलाला दिसत होतं, फक्त गुलाबभाऊंना दिसत नव्हतं. ते घरात नेहमी वैनींच्या समोर उभे राहून बोलायचे, त्यामुळे त्यांचा दावा असा की, "घरात बोलतो ते सारं आयकते. तिचे कान खनखनीत हायेत. गाडीचाच आवाज बसला."

मुलानं कानाचं यंत्र आणून दिलं. वैनींनी चार दिवस लावलं. त्यात म्हणे बांगड्यांचा आवाज लोहाराच्या घणासारखा यायचा आणि माणसाचा येतच नसे. त्यांनी ते डबीत घालून मांडणीवर ठेवून दिलं. गुलाबभाऊंनी तर त्या यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलाला म्हणाले, "मशीन कायले पायजे बे तुह्या मायले? दोष माह्या गाडीत हाय, मी दुरुस्त करतो." गफूरभाईच्या तोंडून एकदा चुकून निघून गेलं, "भाऊ, सायलेन्सर क्या करेगा, भाभी को सुनाई नहीं देता." गुलाबभाऊ पाना तिथंच ठेवून उठले आणि महिनाभर त्याच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. गाडी ढकलत नांदुऱ्याला नेली, पण गफूरभाईकडे नाही.

मग सुरू झाले प्रयोग.

पहिल्यांदा सायलेन्सरच्या पोटातली जाळी काढली. आवाज वाढला, पण गाडीचा जोर गेला. रिकामी असताना ठीक, पण दोन क्रेट वांगी बांधली की नाल्याचा चढ तिला चढवेना. काही दिवस गुलाबभाऊ चढाला उतरून गाडीच्या शेजारून चालायचे आणि गाडी त्यांच्या हाताला धरून नुसती ओरडायची. जाळी परत बसवली. मग सायलेन्सर शेकोटीत टाकून आतली काजळी जाळली. त्या धुरानं अर्धी गल्ली खोकली. मग ड्रिलनं भोकं पाडली, तर त्यांतून काळं तेल उडून आमच्या दोरीवरच्या तीन पांढऱ्या सदऱ्यांवर ठिपके पडले. मी बोललो तर म्हणाले, "सदरे मी धुऊन देतो. आवाज कसा आला ते सांगा."

एकदा त्यांनी कहर केला. देवळाच्या अडगळीत एक जुना, पिचका लाऊडस्पीकरचा भोंगा पडला होता. तो मागून आणला आणि तारेनं सायलेन्सरच्या तोंडाला बांधला. सकाळी ते तशा अवतारात नांदुऱ्याला निघाले. वाटेत एका वस्तीवर बायका भांडी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यांना वाटलं टँकर आला. पुढच्या गावात एका पुढाऱ्यानं घाईघाईनं सदरा घातला, त्याला वाटलं निवडणूक लागली. परत येताना भोंगा तापून गळून पडला आणि मागून येणाऱ्या बैलगाडीखाली चपटा झाला. गुलाबभाऊंना त्याचं वाईट वाटलं नाही. "आवाज फैलत होता," ते म्हणाले, "सरका जात नव्हता." सरका म्हणजे सरळ.

माझाही संयम संपत आला होता. मी ग्रामपंचायतीला द्यायला एक अर्ज लिहिला. 'विषय: शेजाऱ्याच्या मोटारसायकलीच्या कर्णकर्कश आवाजाबाबत.' नोकरीत असे अर्ज हजारो हाताळले, त्यामुळे कसर ठेवली नाही. त्यात लिहिलं होतं की सदर वाहनाचा आवाज जिनिंगच्या मोडापासून स्पष्ट ऐकू येतो, दारे-खिडक्या लावल्या तरी येतो, व त्यामुळे अर्जदारास विश्रांती मिळत नाही. तो टेबलावर पडलेला असताना गुलाबभाऊ सांभाराची जुडी द्यायला आले आणि त्यांनी तो उचलून वाचला. मी ओशाळलो. ते मात्र दुसऱ्यांदा वाचत होते. "मोडापासून स्पष्ट," ते बोट ठेवून म्हणाले, "हे खरं हाय का?"

"खरंच लिहिलं."

"मंग याच्यावर सही करून मले द्या. गफूरले दाखवतो. तो म्हने अजून कमी हाय."

अर्ज ते घेऊनच गेले. ग्रामपंचायतीला मी दुसरा लिहिला नाही. ज्याच्यावर तक्रार तोच तिला प्रशस्तिपत्र मानत असेल तर शाई कशाला वाया घालवा.

आणि एके दिवशी त्यांना जमलं. गफूरभाईशी तोवर सलोखा झालाच होता, दोघांनी मिळून सायलेन्सर मधून कापला, नळी आखूड केली, पुन्हा वेल्डिंग केलं. त्या संध्याकाळी गाडी मोडावर वळली ती जिनिंगचे पत्रे हादरवत. गुलाबभाऊ घरी पोचले तर तव्यावर भाकर. ते हातपाय न धुताच माझ्याकडे धावत आले. "टाकली," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीत जिलबी वाटली, आणि गंमत म्हणजे ज्यांच्या कानठळ्या बसत होत्या त्या सगळ्यांनी ती खाल्ली. मीही खाल्ली.

दोन वर्षं असं चाललं. रोज संध्याकाळी तो आवाज, रोज तव्यावर भाकर, आणि रोज माझं डोकं उठलेलं. शेवटी मी ठरवलं की आपल्यापुरता बंदोबस्त करावा. माडीवरची खिडकी कायमची बंद करून तिथे जाड काच बसवून टाकायची. सुताराला बोलावलं. तो टेप घेऊन माप काढत असतानाच वच्छलावैनी जिना चढून वर आल्या. त्या आमच्या माडीवर त्याआधी कधी आल्या नव्हत्या. सुतार जाईपर्यंत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, खिडकी नका बुजू."

मी त्यांच्यासमोर येऊन, तोंड नीट दिसेल असं विचारलं, "काऊन वैनी?"

"मले दोन वर्सापासून कायीच आयकू येत नाई," त्या म्हणाल्या. "गाडीबी नाई अन् ढगबी नाई. चुलीजवळच्या झरोक्यातून तुमची खिडकी दिसते. हे मोडावर आले की तुमी उठता अन् खिडकी धाडकन लावता. तुमी खिडकी लावली की मी भाकर टाकतो."

मला खरंच ठाऊक नव्हतं. मी रोज उठून खिडकी लावत होतो हेही मला त्यांनी सांगितल्यावर आठवलं. चिडलेला माणूस आपले हात काय करतात ते बघत नाही. दोन वर्षं मी ज्या खिडकीवर राग काढत होतो, तिच्यावर समोरच्या घरात एक बाई डोळा लावून बसली होती.

"गुलाबभाऊंना सांगून का नाही टाकत?" मी विचारलं.

"त्याईले वाटते दोष गाडीत हाय," वैनी म्हणाल्या. "गाडीत दोष असला त दुरुस्त होते. मले दुरुस्त नाई करता येत हे त्याईले कळलं त जेवनार नाईत ते."

मी त्यांना शब्द दिला. घरीसुद्धा बोललो नाही. काच रद्द केली, सुताराला तसा निरोप धाडला. आणि त्या दिवसापासून खिडकी लावणं ही माझी नोकरी झाली. पूर्वी रागानं लावत होतो, आता वेळेवर लावू लागलो. एवढी हजेरी मी कचेरीतही पाळली नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी मी गुलाबभाऊंच्या मागे बसून नांदुऱ्याला चाललो होतो. फाट्यावर पोलिसांची तपासणी होती. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर काढून घेत होते. पोरांची रांग लागली होती आणि त्या रांगेत पांढऱ्या टोपीतले आम्ही दोघं. हवालदारानं गाडीची मूठ एकदा पिरगळून बघितली आणि कान झाकले. "बाबा," तो म्हणाला, "या वयात असा सायलेन्सर?"

"या वयातच लागते," गुलाबभाऊ म्हणाले.

हवालदार हसला, पण सोडलं नाही. कायद्याचं होतं ते त्यानं केलं. सायलेन्सर निघाला आणि बाकीच्यांच्या ढिगावर पडला. गुलाबभाऊंनी एकदा वाकून त्याला हात लावला. नांदुऱ्याच्या एका मिस्त्रीनं नियमात बसणारा नवा सायलेन्सर लावून दिला. त्याचा आवाज मागे बसलेल्या मलासुद्धा नीट येत नव्हता. येताना मोडावर मला उतरवून गुलाबभाऊ म्हणाले, "मी असाच वावरात जातो." वावर म्हणजे शेत. मग गाडी वळवता वळवता थांबले. "बाबूसाहेब, आज तवा गार असन." त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

त्या दिवशी मी पाच वाजल्यापासूनच खिडकीत बसलो. आवाज येणार नाही, तेव्हा डोळ्यांनीच बघायचं होतं. माडीवरून मोड दिसतो. सहानंतर लाल टाकी वळताना दिसली. गाडी इतकी हळू येत होती की बरोबरच्या शेळ्या पुढे निघून गेल्या. मी उठलो आणि खिडकी अशी आदळली की वरच्या चौकटीतली माती खाली आली.

दहा मिनिटांत गुलाबभाऊ माझ्या दारात. हातात भाकरीचा तुकडा. "आयकलं तिनं," ते म्हणाले. "एवढ्याशा आवाजात आयकलं." आणि ओट्यावर बसून त्यांनी मला नवा सिद्धांत सांगितला. "मी येडा होतो बाबूसाहेब. मोठा आवाज कामाचा नसते. वळखीचा पायजे. घरच्या मानसाले वळखीचा आवाज कितीबी बारीक असला तरी येते." मी मान डोलावली. तीस वर्षं फायलीतलं गुपित फायलीत ठेवायची सवय असलेला माणूस मी, तरी त्या संध्याकाळी गप्प राहणं जड गेलं.

त्यानंतर गाडी सुरू ठेवून पळणं त्यांनी बंद केलं. गल्लीत शांतता झाली. मला हवी होती तशी, पण मला ती काही मानवेना. दुपारी झोप लागायची नाही आणि संध्याकाळी मोडाकडे डोळे लावून बसायचो.

मग यंदा मला पेन्शनच्या कामासाठी बुलढाण्याला जावं लागलं. हयातीचा दाखला द्यायचा होता. एका दिवसात परत येईन म्हणून निघालो, पण काम अडलं आणि मुक्काम पडला. संध्याकाळी भाच्याच्या घरी चहा घेत असताना घड्याळाकडे लक्ष गेलं. सहा वाजून गेले होते. कप हातात तसाच राहिला. घरी फोन करून खिडकी लावायला सांगावं, तर कारण काय सांगणार? शब्द दिलेला. भाचा म्हणाला, "मामा, साखर कमी झाली का?" मी आणखी एक चमचा साखर घालून घेतली. मिशी पांढरी झाल्यावर एका खिडकीसाठी जीव टांगणीला लागतो, हे कुणाला सांगायचं.

दुसऱ्या दिवशी गावात उतरलो तो थेट त्यांच्या घरी. गुलाबभाऊ बाजाराला गेले होते. वैनी अंगणात ताटं घासत होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि हात जोडले. "वैनी, काल चुकलं माह्यावालं. बुलढान्यात अडकलो."

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. "मी परात घेऊन बसली होती," त्या म्हणाल्या. "खिडकी उघडीच. म्हनलं, आज उशीर हाय यायले. पाठ दाराकडं होती. मांडनीवरच्या ताटात पायलं त हे मांगं उभे."

"कधीपासून?"

"ठाऊक नाई. ताटात त्याईचे ओठ हालले. हाक मारली असन. दोनदा हालले. मी वळनारच होती, पन ते मांगंच फिरले. चप्पल हातात घेतली अन् हळूच भाईर गेले."

त्या सांगत राहिल्या. गुलाबभाऊंनी गाडी अंगणातून हातानं ढकलत रस्त्यावर नेली होती. वैनी उठून दाराआडून बघत होत्या. पुढे जाऊन त्यांनी गाडीला किक मारली आणि मोडाकडे निघून गेले. थेट मोडापर्यंत.

म्हणजे त्यांना कळलं होतं. कदाचित कालच कळलं असेल, कदाचित फार आधीपासून ठाऊक असेल आणि सायलेन्सरांची सगळी ठोकाठोक त्या ठाऊक असण्यावरच चालली असेल. मी त्यांना कधी विचारणार नाही. पण त्या अंगणात उभं राहून मला हुंदका आला आणि तो मी आवरला नाही. ज्या माणसाला मी गावातला सगळ्यात गोंगाट करणारा माणूस म्हणत होतो, तो बायकोला कळू नये म्हणून चप्पल हातात घेऊन स्वतःच्या घरातून बाहेर गेला होता, आणि ती बाई बहिरी होती.

"मंग?" मी कसंबसं विचारलं.

"मंग काय, मी झटकन भाकर टाकली. फुगून राह्यली तवा हे दारात आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. मले म्हने, आयकला का आवाज?"

"तुमी काय म्हनलं?"

वैनींनी घासलेलं ताट उचलून उन्हात उभं केलं.

"म्हनलं, हाव. आज लवकर आले."